कलचाचणीचा अहवाल हाती आल्यावर

दहावीच्या वर्षात कलचाचणी द्यायची असेल, तर ती सहामाही परीक्षा आटोपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत द्यावी. सराव परीक्षांच्या धामधुमीत उरकलेल्या चाचणीवर थकव्याची छाया पडते. नाव नोंदवण्यापूर्वी ती मराठीत उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे, कारण मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजी प्रश्नपत्रिका सोडवली, तर त्याची तर्कशक्ती आणि त्याचे इंग्रजी यांची सरमिसळ होऊन एकच आकडा हाती येतो.

अहवालात कल आणि अभिक्षमता ही दोन पाने वेगळी वाचावीत. कल म्हणजे ओढ, अभिक्षमता म्हणजे शिकण्याची कुवत. अभिक्षमतेच्या पानावर 'अवकाशीय क्षमता : शततमक ८५' (अवकाशीय क्षमता म्हणजे आकृत्या मनातल्या मनात फिरवून पाहण्याची कुवत) असे लिहिलेले असेल, तर ते शंभरपैकी पंच्याऐंशी गुण नव्हेत, ज्या विद्यार्थ्यांशी तुलना केली आहे, त्यांतील सुमारे ८५ टक्क्यांपेक्षा हे मूल त्या कामात पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते विद्यार्थी कोणत्या भागातले आणि कोणत्या माध्यमातले, हेही विचारावे. ५५ आणि ६० यांतल्या फरकावरून घरात वाद घालू नये. एवढा फरक एखाद्या प्रश्नानेही पडू शकतो.

कलाचे पान मात्र अधिक सावधपणे वाचावे लागते, कारण मूल जे पाहते त्यालाच खूण करते. आंबा बागायतदाराच्या मुलाने 'कृषी'समोर खूण केली, तर बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), पेट्या आणि एप्रिल-मेचे ऊन असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली प्रयोगशाळा किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय त्याने पाहिलेलेच नसते. म्हणून कमी कल दिसलेल्या क्षेत्रांपैकी निदान एका क्षेत्रातल्या माणसाबरोबर मुलाला एक दिवस घालवू द्यावा आणि मगच त्या पानावर विश्वास ठेवावा. (डॉक्टर आणि इंजिनिअर यांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, ती नातेवाईक आधीच करून देतात.)

महाविद्यालयासाठी मूल तयार आहे का, हे चाचणी फारसे सांगत नाही. ते घरीच पाहता येते. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातली दोन पाने वीस मिनिटे वाचायला द्यावीत, पुस्तक मिटावे आणि समजले ते पाच ओळींत लिहायला सांगावे. भाषा कोणतीही चालेल. ओळी कोऱ्या राहिल्या, तर मे महिना इंग्रजी वाचनासाठी राखून ठेवावा. गावातून पहाटेची एसटी पकडून जायचे की वसतिगृहात राहायचे, हेही आताच ठरवावे.

विषय निवडताना पुढची दारे मोजावीत. अकरावीत गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतले, तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांसह मर्चंट नेव्हीच्या नौकानयन अभ्यासक्रमाचाही रस्ता बंद होतो, आणि किनाऱ्यावरच्या घरांत ही गोष्ट हमखास उशिरा लक्षात येते. राज्याच्या सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या अभ्यासक्रमालाही सुमारे २० टक्के भार असतो, त्यामुळे ते वर्ष विसाव्याचे समजू नये. सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत मात्र प्रत्येक चुकीमागे एक गुण जातो. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने सराव वेगवेगळा करावा.

समुपदेशकाकडे जाताना अहवालाबरोबर नववीची गुणपत्रिकाही न्यावी. पहिली पंधरा मिनिटे आईवडिलांनी बाहेर बसावे.