जुन्या कंट्री थाटाचा शर्ट: आधी चित्र ठरवा

अमेरिकेतल्या जुन्या कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या संगीतातल्या गायकांसारखे कपडे करायचे म्हटलं की लोक आधी हॅट घेतात. मग बूट, मग झालरीचं जॅकेट, मग पोटावर हे भलंमोठं बकल. सगळं एकदम चढवलं की फॅन्सी ड्रेस झालाच म्हणून समजा. मी शिवणकाम करते, म्हणूनही असेल, पण माझं मत ठाम आहे: सुरुवात शर्टापासून करा, आणि शर्टाची सुरुवात चित्रापासून.

गायक पोर्टर वॅगनरच्या सुटांवर गाडीची चाकं असायची, आडनावच तसं, वॅगनर म्हणजे गाडीवान! हँक विल्यम्सच्या पांढऱ्या सुटावर संगीताची चिन्हं. ग्रॅम पार्सन्सने तर अफूची फुलं, नशेच्या गोळ्या आणि गांजाची पानं भरून घेतली. तो सूट मॅन्युएल क्वेव्हास यांनी शिवला, कीवमध्ये जन्मलेल्या नूडी कोन या शिंप्यांच्या नॉर्थ हॉलिवुडमधल्या दुकानात. यातला एकही सूट दुसऱ्याला शोभला नसता. म्हणून बाजारातला तयार गुलाब किंवा घोड्याची नाल इस्त्रीने चिकटवण्याआधी थांबा. तुम्ही मधमाश्या पाळता? मग मधमाश्या भरा. टपाल वाटता? पाकिटं भरा.

शर्ट साधा, अंगाबरोबर बसणारा, एकरंगी घ्या. गॅबर्डिन, म्हणजे घट्ट विणीचं जाडसर कापड, मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण त्याला अंगचं वजन असतं आणि भरतकामाने ते ओढलं जात नाही. खांद्यावर टोकदार योक (वरून जोडलेला कापडाचा वेगळा भाग) असलेलाच निवडा. चित्र ट्रेसिंग कागदावर एकदाच काढा, डाव्या योकवर छापा, मग कागद उलटा करून उजवीकडे. दोन्ही मधमाश्यांची तोंडं गळ्याकडे आली पाहिजेत. अक्षरं असतील तर मात्र कागद उलटायचा नाही, हे सांगायलाच हवं. खुणा शर्ट अंगात घालून करा. टेबलावर मधोमध दिसणारं चित्र अंगावर काखेत जातं.

आता टाका. त्या काळचे हे शिंपी साखळी टाक्याचं यंत्र वापरत: टेबलाखालची मूठ फिरवायची आणि सुई तिकडे वळते. आपल्याला हाताचा साखळी टाका पुरे. सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. आधी बाहेरची रेघ पूर्ण करा, मग तिला चिकटून आत दुसरी, तिसरी, अशा मध्यापर्यंत. आडवं-तिडवं भरू नका. रेघा आकाराबरोबर वळल्या की प्रत्येक वळणावर उजेड वेगळा पडतो आणि पाकळी फुगल्यासारखी दिसते. जुन्या कामाची सगळी गंमत तिथेच आहे. दोरा ताणलात तर कापड चुरगळलंच. आणि शेवटच्या कडीच्या डोक्यावर छोटा टाका घालून ती बांधा, नाहीतर दोरा कुठेतरी अडकेल आणि अख्खी ओळ सरसर उसवत जाईल.

योकच्या कडेला उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीची पायपिंग, म्हणजे बारीक गोट, रंग भरतकामातलाच. हसऱ्या तोंडासारखा वळलेला खिसा, दोन्ही टोकांना बाणाचे त्रिकोण, हे काम कसबी शिंप्याकडे द्या. घरी फक्त त्रिकोण भरले तरी चालतात.

बटणं मोतिया टिचबटणंच हवीत. डेन्व्हरच्या जॅक वाइल यांनी १९४६ मध्ये रॉकमाउंट ही शर्टांची कंपनी सुरू केली आणि असे शर्ट घरोघर नेले. खोगिराला शर्ट अडकला तर टिचबटण सुटतं, कापड फाटत नाही. लावताना पट्टीत बकरम (कडक अस्तर) घालायला विसरू नका. नुसत्या कापडावर लावलं तर दोनचार वेळा ओढल्यावर भोक मोठं होऊन बटण हातात येतं.

बाकी सगळं गप्प ठेवा. १९५७ मध्ये एल्विससाठी नूडींनी सोनेरी सूट केला, तर पुढे तोसुद्धा नुसतं सोनेरी जॅकेट काळ्या पँटवर घालायला लागला! गडद, साधी, उंच कंबरेची जीन्स बघा. १९४७ ची रँगलर १३एमडब्ल्यूझेड ही जीन्स फिलाडेल्फियाच्या रोडिओ बेन या शिंप्याने घोडेस्वारांसाठी बेतली. मागचे खिसे वर आहेत ते बसताना टोचू नयेत म्हणून. लांबी थोडी जास्त ठेवा. बूट पायाच्या वरच्या उंचवट्यावर घट्ट हवा. नवा असताना टाच किंचित सुटते, ती पुढे बसते. हॅट घेतलीच तर काढल्यावर उलटी ठेवा, म्हणजे कड वाकत नाही.

बायकांनी कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचे सुरुवातीचे फोटो पाहावेत. ते झालरीचे कपडे तिची आई हिल्डा शिवायची. झालर हवी असेल तर योकच्या खालच्या कडेलाच लावा, बाहीवर आणखी नको.

धुण्याआधी लाल दोऱ्याची परीक्षा घ्या: भरलेल्या भागावर ओला पांढरा रुमाल ठेवून इस्त्री दाबा. रुमालावर गुलाबी डाग उमटला तर तो शर्ट ड्रायक्लीनलाच द्या. नाही उमटला तर उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवा, न पिळता सावलीत वाळवा आणि इस्त्री मागच्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करा.