मोडक्या छत्रीतून वटवाघळाचे पंख

हॅलोविनसाठी लेकीला वटवाघूळ व्हायचं होतं आणि नवीन काही विकत आणायचं नाही असं ठरलेलं. घरात काड्या मोडलेली काळी छत्री होती. काड्या काढल्या, कापड बरोबर मधोमध कापलं. आठ पाकळ्यांपैकी चार एका हाताला, चार दुसऱ्या. बाहेरची कड मुळातच दुमडून शिवलेली आणि कमानीची, त्यामुळे पंखांचा आकार आयता मिळाला. मला ही गोष्ट फारच आवडली!

पण शर्ट टेबलावर पसरून, बाह्या खाली ठेवून पंख शिवले तिथे चुकले. तिने हात वर केले आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली.

मग शर्ट तिच्याच अंगात घातला, हात आडवे धरायला लावले आणि मनगटापासून कमरेपर्यंत सेफ्टीपिना लावत गेले. काखेत चार बोटं कापड सैल सोडलं. शर्ट काढून त्याच रेषेवर दुहेरी दोऱ्याने शिवलं. कापलेल्या कडेचे धागे सुटत होते, तिथे बिनरंगी नेलपॉलिश फिरवलं. काड्यांचा एकही तुकडा आत ठेवू नका, टोकं डोळ्यांपाशी येतात.

संध्याकाळभर ती उडत होती, एक टाकाही सुटला नाही.