कोडला हात लावला नाही, तरी डेप्रिकेशनची वॉर्निंग?

एक ओळही बदललेली नसते आणि तरी जावा कंपायलर सांगतो, अमुक फाइलमध्ये डेप्रिकेटेड एपीआय वापरलाय, म्हणजे 'आता वापरू नका' असं ठरवलेली जुनी सोय वापरली आहे. बहुतेकदा मधल्या काळात जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) किंवा एखादी लायब्ररी अपग्रेड झालेली असते. ती नोट नुसतं फाइलचं नाव सांगून गप्प बसते. नेमकी ओळ हवी असेल तर 'हायफन एक्सलिंट कोलन डेप्रिकेशन' हा ऑप्शन देऊन पुन्हा कंपाइल करा.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे 'न्यू इंटीजर(५)'. हा कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) जावा ९ मध्ये डेप्रिकेट झाला आणि जावा १६ मध्ये 'पुढे काढून टाकणार' असा शिक्का त्याच्यावर बसला. तिथे 'इंटीजर डॉट व्हॅल्यूऑफ(५)' लिहिलं की भागतं. बाकीच्यांचा पर्याय बहुधा त्यांच्या जावाडॉकमध्येच (एपीआयच्या माहितीपानांत) दिलेला असतो, आधी तिथे बघा.

खरी गोची पुढे आहे. सप्रेसवॉर्निंग्ज अ‍ॅनोटेशनमध्ये (वॉर्निंग दाबायला कोडवर लावायची खूण) 'डेप्रिकेशन' लिहिलं की साध्या वॉर्निंग गप्प होतात, पण शिक्का बसलेल्यांच्या होत नाहीत. त्यांच्यासाठी 'रिमूव्हल' असं वेगळं लिहावं लागतं. मी तरी त्या दाबत नाही. पुढच्या कुठल्यातरी जेडीकेवर हा कोड कंपाइलच होणार नाही, अशी ती आगाऊ नोटीस असते.