बंद झालेल्या शाळेच्या आठवणी गोळा करायच्या असतील तर

आमची नागपूरची शाळा रेल्वे क्वार्टरच्या मागे, चर्चच्याच आवारात होती. पहिली ते सातवी, कौलारू छप्पर, मधे एक कडुनिंब. बाबा रेल्वेत फिटर होते. घरी एकादशीचे उपास, तरी आम्ही तिघं भावंडं तिथंच शिकलो. क्वार्टर रिकामे होत गेले तशी मुलं कमी झाली. आधी शाळा बंद पडली, मग पॅरिशही, म्हणजे त्या चर्चशी जोडलेला ख्रिस्ती समाज, शेजारच्या पॅरिशला जोडली. गेली तीन वर्षं मी त्या दोन्हींच्या आठवणी जमवतेय. तुम्हालाही तुमच्या शाळेचं असं काही करायचं असेल, तर मला जे उशिरा कळलं ते आधीच सांगते.

वयानं सगळ्यात मोठं माणूस पहिल्यांदा गाठा. चौथीच्या मिसकडे दिवाळीनंतर जाऊ, संक्रांतीनंतर जाऊ करत मी वेळ घालवला. गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. मिस फेब्रुवारीतच वारल्या, असं शेजारणीनं सांगितलं.

भेटल्यावर "काही आठवतं का?" असं विचारू नका. "फार छान दिवस होते" म्हणून माणूस गप्प होतो. वस्तूंबद्दल विचारा. पाणी कुठं प्यायचो? पावसात कोणता वर्ग गळायचा? घंटा कशाची होती? आमची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, तारेनं टांगलेला. तो विषय काढल्याबरोबर चपराशीकाका सावरून बसले. मार्चनंतर उन्हात हातोडीचा लोखंडी दांडा इतका तापायचा की हात भाजायचा. म्हणून सिस्टरनी त्याला निळ्या ट्युनिकची पट्टी गुंडाळून शिवून दिली होती. ट्युनिक कोणत्या मुलीचं होतं, तेही त्यांनी सांगितलं. ती मुलगी आज आजी आहे. मी तिला फोन केला, आणि तिथून पुढची चार घरं उघडली.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कोणाचा तरी कॉल येतो. आणि नागपुरात हे काम मे महिन्यात करू नका. माझ्या पहिल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये निव्वळ कूलरची घरघर आहे, आणि त्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला कूलर बंद करा म्हणवत नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळी, चहाच्या वेळेला जा.

फोटोंबाबत हात जोडून सांगते, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. एका मैत्रिणीच्या फर्स्ट कम्युनियनचा (चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीचा) फोटो मी नखानं उचलायला गेले आणि डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीचा कोपरा पानालाच चिकटून राहिला. फोटो निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता मोबाइलवर घ्या. लॅमिनेशन कधीच नको. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचे वळ पुढून उमटतात.

आता कागद. पॅरिश बंद झाली तरी बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची रजिस्टरं टाकून देत नाहीत. ती जोडलेल्या पॅरिशमध्ये किंवा बिशप हाऊसला असतात. नागपूरचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) १८८७ चा, १९५३ पासून महाधर्मप्रांत, म्हणून इथं बिशपऐवजी आर्चबिशप. आर्चबिशप हाऊस कामठी रोडला, मोहननगरात आहे. लेखी अर्ज घेऊन जा आणि ज्यांची नोंद हवी त्या घरचं माणूस सोबत न्या. ही खाजगी रजिस्टरं आहेत, पानांचे फोटो ग्रुपवर फिरवायचे नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) आधीच्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. जेम्स शोधत असाल तर याकोबुस बघा, जॉन असेल तर योहानेस. समासही वाचा. त्या माणसाचं पुढे लग्न कुठं झालं, ते बहुतेक वेळा बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच लिहिलेलं असतं.

शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नावांची नोंदवही, कुठं गेलं, याची विचारणा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. दोन-तीन फेऱ्या पडतील, आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. घरोघरी जुने दाखले मिळाले आणि त्यांवर मध्य प्रदेश किंवा सी. पी. अँड बेरार (त्याआधीचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड) छापलेलं दिसलं, तर बाहेरगावचा कागद म्हणून बाजूला ठेवू नका. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं.

एवढं जमलं की सगळ्यांना एकदा एकत्र बसवा. आम्ही डिसेंबरात, चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर बसलो. जमिनीवर मोठा कार्डशीट पसरला आणि आवाराचा नकाशा काढायला घेतला. फाटक, कडुनिंब, मेरीमातेची ग्रोटो (गुहेसारखी देवळी), सिस्टरांची खोली, सगळं भराभर जागेवर आलं. पाण्याच्या टाकीवर मात्र अडलं. तिघी म्हणाल्या ती चर्चच्या दाराच्या डावीकडे होती. चपराशीकाका, ज्यांनी ती रोज भरली, म्हणाले उजवीकडे. कोणीच मागं हटेना. आम्ही दोन्हीकडे टाक्या काढल्या आणि प्रत्येकीखाली सांगणाऱ्यांची नावं पेन्सिलीनं लिहून ठेवली.