माती नेमकी कुठून वाहते, ते ओढ्याच्या पाण्यावरून ओळखा

मृग-आर्द्राच्या पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्याला सर्वांत जास्त गाळ येतो, कारण रान वखरून भुसभुशीत केलेलं आणि उघडं असतं. एका एकरातून एक मिलिमीटर थर गेला तर डोळ्यांना कळतही नाही. पण ती जवळपास दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती असते. त्यात पाणी आधी बारीक कण, सेंद्रिय अंश आणि स्फुरद (फॉस्फरस) नेतं, जाडी रेती मागे टाकतं.

बंधाऱ्यावर खर्च करण्याआधी माती येते कुठून ते पाहा. पूर चढताना एकदा आणि ओसरू लागल्यावर एकदा, फरशी पुलावरून बादली सोडून पाणी घ्या (फरशीवरून पाणी जात असेल तर तिकडे फिरकूच नका). काचेच्या बरण्यांत भरून, वेळ लिहून रात्रभर ठेवा. चढत्या पाण्यात गाळ जास्त आणि उतरतं निवळ असेल, तर माती बहुधा जवळच्या रानांतली किंवा ओढ्यातच आधी साचलेली. उतरतानाही तेवढंच गढूळ राहिलं, तर वरच्या अंगाची लांबची रानं आणि ढासळणाऱ्या दरडी तपासा. काळ्या शिवारात रंगही सांगतो: काळा गाळ रानाच्या वरच्या थराचा, पांढुरका किंवा मुरमाड गाळ घळींचा आणि काठांचा. एकाच पावसावरून मात्र काही ठरवू नका.

रानातली माती रानातच अडवावी. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर सोयाबीन उताराला आडवं पेरा, जमल्यास बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर). सपाट पेरलं असेल तर 30-35 दिवसांनी, कोळपणीतच कोळप्याला दोरी गुंडाळून चार किंवा सहा ओळींआड मृत सरी (पाणी मुरवायला ओळींमधली रिकामी सरी) पाडा. बांधाला दगड रचलेला सांडवा हवाच. तो नसला की पाणी सर्वांत खचलेल्या जागी बांध फोडतं, आणि खालच्या शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

काठ ढासळत असतील तर काठापर्यंत नांगर नेऊ नका. तेवढ्या पट्ट्यात मारवेलची ठोंबं लावा. जेसीबीने ओढा सरळ करून घ्यायची टूम निघालीय, ती टाळलेली बरी. वळणं गेली की वेग वाढतो, वेग दुप्पट झाला की पाण्याची ऊर्जा चौपट होते, आणि तुमचा काठ वाचला तरी खालच्या गावाचा जातो.

नाला बांध असेल तर पाणी साचण्याआधीच आत खुणा केलेली लोखंडी पट्टी रोवा. उन्हाळ्यात बांध आटला की किती गाळ बसला ते मोजता येईल.