पी०६०१ कोड आणि ईसीयूचं रीप्रोग्रॅमिंग

गाडी सुरू व्हायची, पण आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन थरथरायचं. स्कॅनरवर पी०६०१ हा बिघाडाचा कोड पुसला की लगेच हजर. हा कोड म्हणजे ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मेमरीचा चेकसम, म्हणजे डेटा शाबूत आहे का हे तपासणारा आकडा, जुळत नाही, त्यामुळे सेन्सर बदलत बसण्यात अर्थ नव्हता. बॅटरी आणि अर्थिंग ठीक निघालं, मग सॉफ्टवेअर नव्याने भरायला घेतलं.

खरी काळजी व्होल्टेजची. फ्लॅशिंग (सॉफ्टवेअर लिहिणं) चालू असताना ते कोसळलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. म्हणून बॅटरीला १३.५ व्होल्टचा स्थिर सप्लाय जोडला (साध्या चार्जरचा भरवसा नाही), एसी-लाइट बंद, लॅपटॉपचं स्लीप बंद. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीचं सॉकेट) जे२५३४ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉप आणि ईसीयू जोडणारं उपकरण, लावला. ईसीयूचा हार्डवेअर नंबर आणि फाइलचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. इथे घाई नकोच.

लिहिणं सुरू होताच रेडिएटरचा पंखा फुल स्पीडने सुटला, मीटरवर दिवे पेटले. घाबरायचं नाही, ईसीयू प्रोग्रॅमिंग मोडमध्ये गेला की असं होऊ शकतं. केबलला मात्र हात लावायचा नाही.

नंतर इग्निशन बंद-चालू करून हवेच्या झडपेची स्थिती ईसीयूला नव्याने शिकवली, म्हणजे थ्रॉटल अ‍ॅडाप्टेशन केलं. एबीएसमध्ये (ब्रेकच्या यंत्रणेत) ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड पडला होता, तोही पुसला. पी०६०१ पुन्हा आला नाही, आयडलिंगही सरळ झालं.