जुन्या जीपला लष्करी थाट: दिखाव्यापुरता, पण नीट

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. ही जीप ओढ्यातून जाणार नाही, डोंगर चढणार नाही. ती 15 ऑगस्टला झेंडावंदनाला जाईल, मित्राच्या वरातीत पुढे चालेल आणि रविवारी सकाळी पन्हाळ्यावर झुणका-भाकरीच्या गाडीसमोर उभी राहील. लोक फोटो काढतील. एवढंच काम. हे मनाशी मान्य केलं की निम्मे पैसे तिथेच वाचतात, कारण विंच, स्नॉर्कल, लिफ्ट किट असल्या ओढ्या-डोंगरासाठीच्या वस्तूंची यादी घेऊन येणाऱ्यांना सरळ नाही म्हणता येतं.

मी आतापर्यंत चार जीपचं हे काम केलंय, एक माझी आणि तीन मित्रांच्या. चारही महिंद्रा, त्यातल्या तीन एमएम 540. पुढे लिहिलेलं त्यांच्यावरूनच.

माझा नियम एकच: पान्याने निघेल तेवढंच बसवायचं. चासी कापायची नाही, ॲक्सल हलवायचा नाही, वेल्डिंगचा ठिपका द्यायचा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा फेरफारांबाबत आधीच कडक आहे आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी घट्ट आवळलं. शिवाय उद्या गाडी विकायची झाली तर कापलेली जीप कुणी घेत नाही.

आणि तुमची जीप पन्नास वर्षांहून जुनी, मूळ इंजिन-बॉडीसकट असेल, तर हा लेख इथेच सोडा. 2021 च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. तिला हात लावू नका.

1. रंग ठरवा. ऑलिव्ह ग्रीन नाही.

जीप घेतलेला प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो, "मिलिटरी ग्रीन मारूया." नाही मारायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. "आमच्या गल्लीत दोन आहेत की" हा युक्तिवाद पासिंगच्या वेळी उपयोगी पडत नाही. "जरा वेगळी छटा घेऊ" हाही नको, कारण छटा ठरवणारा साहेब तुम्ही नसता.

वाळवंटी पिवळसर घ्या, राखाडी घ्या, मातकट तपकिरी घ्या. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळूत फिरलेल्या जीप वाळूच्या रंगाच्याच होत्या, त्यामुळे थाटात काही कमी पडत नाही. रंग बदलला की आरसीवर नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग असतंच. मी रंगाचं काम त्याच्या महिना-दोन महिने आधी काढतो.

2. पत्रा

गंज खरवडा, ठोकाठोकी करून घ्या, लांबी (पुट्टी) भरा, घासा, प्रायमर मारा. नेहमीचंच. फक्त "मॅटमध्ये काय दिसत नाय" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नका. पत्र्याची हलकी लाट मॅटमध्ये लपते हे खरं, पण जाड पेपरचे ओरखडे लपत नाहीत, उलट उठून दिसतात. शेवटचा हात 600 च्या पाणपेपरचा.

3. मॅट रंग

इथे मी एक अख्खा हिवाळा घालवलाय, म्हणून जरा सविस्तर.

ग्लॉस रंग चुका पोटात घालतो. धूळ बसली, ओघळ आला, तर वाळल्यावर घासून पॉलिश मारलं की झालं. मॅटला ती सोय नाही. मॅट रंगात चमक घालवण्यासाठी सिलिकाची बारीक पूड घातलेली असते. रंग वाळताना ती पृष्ठभागावर उघडी पडते, उजेड तिच्यावर विखुरतो आणि रंग मंद दिसतो. सगळी भानगड या पुडीची. डबा नीट ढवळला नाही तर ती तळाशी बसून राहते आणि पहिला मडगार्ड चकचकीत, शेवटचा खडूसारखा होतो. थर जाड पडला की पूड खाली बुडते, तिथे चकाकतं. थर कोरडा पडला की तिथे पांढुरकं दिसतं. म्हणजे रंग एकच, डबा एकच, आणि गाडीवर तीन छटा.

माझ्या पहिल्या जीपचं बोनेट मी गाडीवर असतानाच मारलं. उजव्या मडगार्डजवळ उभा राहून अर्धं, मग डावीकडे जाऊन उरलेलं अर्धं. ओलं होतं तोवर झकास दिसत होतं. संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहिलं तर बोनेटच्या मधोमध, शोपासून (म्हणजे पुढच्या जाळीपासून) काचेपर्यंत, भांग पाडल्यासारखा फिकट पट्टा.

मी काय केलं? रबिंग कंपाउंड घेऊन पट्टा घासला. तो चकाकायला लागला, आता भांगाला तेल लावल्यासारखा. मग तेवढ्याच पट्ट्यावर स्प्रे गन फिरवली. एका पट्ट्याचे दोन झाले, कारण नव्या रंगाच्या दोन्ही कडांना उडालेली भुकटी बसली. मग चिडून सगळं बोनेट घासलं आणि पुन्हा मारलं, पुन्हा गाडीवरच. पुन्हा भांग.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक म्हातारा पेंटर चहाला चालला होता. तो थांबला, बघितलं आणि म्हणाला, "बोनेट काढ की लेका. गाडी कशाला रंगवतोयस, पत्रा रंगव."

एवढंच होतं. गाडीवर असताना बोनेटच्या मध्यापर्यंत हात नीट पोचत नाही. गन लांब पडते आणि रंग हवेतच अर्धा वाळून भुकटीसारखा बसतो. दुसऱ्या बाजूने मारताना उडालेला रंग त्याच जागी आणखी एक थर देतो. ग्लॉसमध्ये हे कळत नाही, मॅटमध्ये ते कायमचं राहतं.

तेव्हापासून मी बिजागरीचे बोल्ट खोलून बोनेट खाली घेतो (दोघं लागतात, एकट्याने काढलं तर काच जाते) आणि स्टँडला टेकवून जवळजवळ उभं करतो, त्याची लांबी जमिनीला समांतर ठेवून. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एका चालीत हात फिरतो. चाल पत्र्याबाहेर सुरू करायची, पत्र्याबाहेर संपवायची. ट्रिगर पत्र्यावर असताना दाबायचा नाही, सोडायचाही नाही. गन एक वीत लांब, आणि हे अंतर वाटेत बदलायचं नाही. मनगट फिरवू नका, पायाने चाला. ग्लॉसला आधीच्या पट्ट्यावर निम्मी चाल चढवतात. मॅटला दोन तृतीयांश चढवा.

दोन थर असे. दोन्हींच्या मध्ये थांबायचं, आणि इथे घड्याळ बघायचं नाही, पत्रा बघायचा. सगळा पत्रा सारखा मंद झाला, कुठेही ओली चमक उरली नाही, की मगच पुढचा थर. हवेप्रमाणे पंधरा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. घाई केलीत तर आत अडकलेला थिनर नंतर ढगांसारखे डाग देतो. शेवटचा थर हलका आणि आधीच्या चालीला आडवा. त्याने उरलेसुरले पट्टे मोडतात.

मडगार्ड, शो, काचेची चौकट हे सगळं असंच सुटं करून. बॉडीचा मागचा भाग सुटत नाही. तिथे थांबायचं ते पत्र्याच्या कडेला किंवा दुमडीला, मोकळ्या पत्र्याच्या मध्ये कधीच नाही. सगळ्या गाडीला लागणारा रंग आधी एका बादलीत एकत्र करा, मग त्यातून लागेल तेवढा काढून हार्डनर घाला. दुकानदार "दोन डबे सेमच आहेत" म्हणतो. डबे असतील सेम, मशीनवर मिसळलेला रंग नसतो.

दिवस निवडायचा तो फेब्रुवारीतला, सकाळी, वारा सुटायच्या आत, जमिनीवर पाणी शिंपडून. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मॅट मारायचा विचारही करू नका. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो.

आणि तोंडावर रुमाल बांधून 2के (हार्डनर घालायचा) रंग मारणारे जे बहाद्दर आहेत त्यांना हात जोडून: त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागतो आणि एकदा लागला की त्या रंगाच्या वासालाही उभं राहता येत नाही. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. चांगला कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, हातमोजे, मोकळी हवा. हे जमणार नसेल तर सुटा केलेला पत्रा बूथ असलेल्या पेंटरकडे न्या आणि त्याला वरचं सगळं वाचून दाखवा. तो वैतागेल, वैतागू दे.

वाळलेल्या मॅटला पॉलिश नाही, वॅक्स नाही, ड्रायव्हरचं तेलकट फडकं तर नाहीच. साधा शाम्पू आणि पाणी. पक्षी घाण करून गेला तर त्याच दिवशी धुवा.

4. शो

युद्धातल्या विलीज एमबीच्या, म्हणजे मूळ अमेरिकन लष्करी जीपच्या, शोला नऊ उभ्या फटी होत्या. 1945 मध्ये नागरिकांसाठी सीजे-2ए आली तेव्हा त्या सात झाल्या. म्हणून हौशी लोक नऊ फटींचा शो शोधत फिरतात. हरियाणातल्या मंडी डबवालीला, जिथे लंडी (सुटे भाग जुळवून केलेल्या) जीप बांधण्याचा मोठा धंदा आहे, तिकडून असला माल येतो. बोल्टवर बसत असेल तर बसवा, मूळ शो जपून ठेवा. तुमची जीप सीजे-3बी मॉडेलची असेल तर या वाटेला जाऊ नका. तिचं बोनेट उंच इंजिनासाठी वर उचललेलं आहे आणि बुटका शो त्याखाली विजोड दिसतो. तसंही एमबीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 80 इंच, एमएम 540 चा 91. जाणकाराला ते अकरा इंच लांबूनच दिसतात, त्यामुळे हुबेहूब नकलेचा हट्ट धरू नका.

5. टायर

रुंद टायर आणि चमकणारी अलॉय व्हील लावलीत तर वरची सगळी मेहनत वाया गेली. जुना थाट अरुंद टायरचा: 6.00-16, आडव्या जाड पट्ट्यांचा, दोन्ही दिशांना सारखाच दिसणारा. पोलादी रिम, गाडीच्याच रंगात. हे टायर डांबरी रस्त्यावर घोंगावतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी. पावसात ब्रेक लवकर दाबा.

6. लटकवायच्या वस्तू

वीस लिटरचा जेरीकॅन मागे शोभतो. मूळ जर्मन बनावट, इंग्रज सैनिक जर्मनांना "जेरी" म्हणत, त्यावरून नाव. रिकामा ठेवा. एका मित्राने त्यात पेट्रोल भरून ठेवलं होतं, उन्हात फुगलेला तो डबा मी स्वतः उतरवलाय. डाव्या बाजूला फावडं आणि कुऱ्हाड चामडी पट्ट्याने बांधा, आणि पट्ट्याखाली जाड कापड ठेवा. नाहीतर दांडा हलून हलून मॅटवर चकाकता ओरखडा पाडतो.

बंपरवरची उभी तार-कापणी मी कधीच बसवत नाही. युद्धात रस्त्यावर मानेच्या उंचीला तारा ताणत, काच आडवी करून चालवणाऱ्याचा गळा वाचवायला ती होती. आपल्या रस्त्यावर तार नसते, पायी चालणारा माणूस असतो. लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, ते याच कारणाने.

नंबरप्लेट आहे तशीच, हाय सिक्युरिटीची. लष्करी गाडीसारखा बाण, खोटा नंबर, "आर्मी" असला एकही शब्द नको.

7. तारा

बोनेटवरचा पांढरा तारा चालतो, आणि महिंद्राला तो परकाही नाही. कंपनीने मुंबईत गाड्यांची सुरुवातच विलीजचे सुटे भाग जोडून केली होती. पण तो रेडियमचा चिकटवू नका. चकचकीत रेडियम मॅटवर लग्नाच्या गाडीवरच्या नावासारखं दिसतं. रेडियमवाल्याकडून तारा कापून घ्या आणि आतला भाग त्यालाच परत द्या, आपल्याला बाहेरची चौकट हवी. रंगाला किमान आठवडा झाल्यावर, कमी चिकट कागदी टेपने ती लावा. जोरकस टेप मॅटवर डिंकाची सावली सोडते. मॅट पांढरा, दोन हलके हात, आणि दुसरा हात ओला असतानाच चौकट हळू, स्वतःवर दुमडत ओढा.

माझ्या जीपवरच्या ताऱ्याचं एक टोक इतरांपेक्षा बोटभर बोथट आहे. चौकट ओढताना फोन वाजला होता.